रंग उडाल्याचा इफेक्ट दरवेळी खोटा का दिसतो: पोपडे, टवके, गंज आणि त्यावरचे उपाय

जुन्या दाराचा उडालेला रंग किंवा गंजलेला पत्रा बनवायचा म्हणून नेटवरून एखादं ग्रंज टेक्स्चर, म्हणजे डागाळलेल्या खडबडीत पृष्ठभागाचं चित्र, उतरवायचं, ते सगळ्यात वरच्या लेयरवर टाकायचं, ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा ते ठरवणारा पर्याय) मल्टिप्लाय नाहीतर ओव्हरले करायचा, ओपॅसिटी साठच्या आसपास आणायची, आणि मग बघायचं तर दार जुनं न दिसता नुसतं मळलेलं दिसतं. मग लोक दुसरं टेक्स्चर शोधतात, तिसरं शोधतात, ब्लेंड मोडची अख्खी यादी वरून खाली फिरवून बघतात, आणि पुढच्या कामाला पुन्हा तेच. फोटोशॉप असो, गिंप असो, क्रिटा असो, हे सगळीकडे होतं, त्यामुळे सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही.

कारण साधं आहे. मल्टिप्लाय आणि ओव्हरले खालच्या पिक्सेलचा उजेड कमीजास्त करतात, बस. निळ्या रंगावर काळे डाग आले तरी तो निळा रंग जागेवरच राहतो. खऱ्या दारावर मात्र रंग निघून गेलेला असतो आणि त्याच्या खालचं काहीतरी उघडं पडलेलं असतं, खालचा जुना हिरवा, त्याच्या खाली गुलाबी प्रायमर, त्याच्या खाली लाकूड. म्हणजे आपल्याला रंगावर काही टाकायचं नसून रंग काढायचा आहे, आणि काढायचं काम लेयर मास्क करतो, म्हणजे लेयरला जोडलेलं करडं चित्र, ते काळं असेल तिथे लेयर लपतो आणि पांढरं असेल तिथे दिसतो. वरच्या ग्रंज टेक्स्चरच्या लेयरसमोरचा डोळा बंद करून ते लपवा आणि खालून सुरुवात करा.

उदाहरण म्हणून एक लाकडी दार धरू. आपल्याकडे दिवाळीच्या आधी किंवा घरात लग्न निघालं की दाराला ऑइल पेंटचा हात मारतात, जुना रंग पूर्ण खरवडत नाहीत, थोडा पॉलिश पेपर मारून त्याच्यावरच नवा लावतात, त्यामुळे जुन्या दारावर तीन तीन चार चार रंग एकावर एक बसलेले असतात. लेयर तसेच रचा. तळाला उघड्या लाकडाचा फोटो, त्यावर प्रायमरचा सॉलिड कलर, त्यावर हिरवा, सगळ्यात वर निळा. लाकूड सोडून प्रत्येकाला स्वतःचा मास्क. इथे घाई करून एकच रंग आणि थेट लाकूड एवढंच ठेवलं तर काम चालतं, पण मधला रंग दिसला की पाहणाऱ्याला त्या दाराचं वय कळतं, आणि तेच तर आपल्याला हवंय.

आता मुख्य युक्ती. प्रत्येक लेयरला वेगवेगळा रँडम मास्क देऊ नका. सगळ्यांना एकच करडा नकाशा द्या आणि फक्त लेव्हल्स (कुठल्या करड्याचं पूर्ण काळं आणि कुठल्याचं पूर्ण पांढरं करायचं ते ठरवणारे स्लायडर) वेगळ्या ठेवा. एक वेगळी फाइल उघडा, ग्रेस्केल, १६ बिट, दाराच्या फाइलएवढ्याच मापाची, त्यात ढगांसारखे करडे डाग बनवणारा क्लाउड्स फिल्टर मारा, त्यावर बारीक नॉइजचा, म्हणजे विस्कळीत दाण्यांचा, दुसरा लेयर घालून एक खडबडीत करडं चित्र तयार करा. काळं म्हणजे जास्त झिजलेलं, पांढरं म्हणजे शाबूत, एवढा नियम मनात पक्का ठेवा. मग सगळं सिलेक्ट करून कॉपी मर्ज्ड करा, ऑल्ट दाबून मास्कच्या थंबनेलवर क्लिक करा म्हणजे मास्क पूर्ण स्क्रीनवर उघडतो, आणि तिथे पेस्ट करा. असं तिन्ही मास्कमध्ये. आता निळ्याच्या मास्कवर कंट्रोल एल दाबून काळा स्लायडर ११८ ला आणि पांढरा १३८ ला आणा. हिरव्याला ९८ आणि ११८. प्रायमरला ८२ आणि १००. काय होतं बघा, निळ्यातलं भोक सगळ्यात मोठं, त्याच्या आत हिरव्यातलं थोडं लहान, त्याच्या आत प्रायमरचं अजून लहान आणि मधोमध लाकूड. खऱ्या टवक्याच्या कडेला जुन्या रंगांच्या बारीक पट्ट्या दिसतात ना, त्या आपोआप आल्या. आकडे तुमच्या नकाशाप्रमाणे बदलतील, क्रम मात्र तोच.

ह्यात एक गडबड होते, ती म्हणजे पट्ट्या एकमेकींना फारच समांतर येतात आणि भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांसारखं दिसायला लागतं. त्यासाठी प्रत्येक मास्कमध्ये पेस्ट करण्याआधी नकाशात वेगळी बारीक नॉइज दहापंधरा टक्के मिसळा. मग काही ठिकाणी हिरवी पट्टी रुंद येते, काही ठिकाणी निळा थेट लाकडापर्यंत तुटलेला दिसतो. प्रत्यक्षात पण तसंच असतं, कधी एकच थर सुटतो, कधी सगळे थर मिळून एक खपली पडते.

गिंपवाल्यांसाठी: मास्क जोडताना ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर असा पर्याय येतो तो कामाचा आहे, आणि मास्कमध्ये पेस्ट केल्यावर फ्लोटिंग सिलेक्शन तयार होतं ते अँकर करायला विसरू नका, नाहीतर पेस्ट झालंच नाही असं वाटतं. मास्क बघायला तिथेही ऑल्ट क्लिकच आहे. क्लाउड्सच्या जागी सॉलिड नॉइज वापरा.

एवढं केल्यावर तब्येत सुधारते, पण अजून एक मोठी तक्रार उरते: सगळीकडे सारखंच झिजलंय. माझ्या मते खोटेपणाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, बाकी सगळं दुय्यम. रंग कुठेही उडत नाही, कारण असतं तिथेच उडतो. दाराच्या कडीकोयंड्याभोवती रोज हात लागतो, तिथे रंग घासून घासून पातळ होतो आणि कडा मऊ असतात. उंबरठ्याजवळ, दाराच्या खालच्या वीतभर भागात पावसाचं पाणी उडतं, लाकूड पाणी पितं, फुगतं, सुकतं, आणि रंग पोपडे धरून सुटतो, तिथे कडा तीक्ष्ण असतात. बिजागरीच्या बाजूला जिथे दार चौकटीला घासतं तिथे उभी सरळ झीज असते. वरच्या भागाला सज्जाची सावली मिळत असेल तर तिथला रंग बऱ्यापैकी धड असतो. कोपरे आणि धारेच्या कडा आधी जातात, कारण ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि तिथे थर मुळातच पातळ बसतो. दार बाजूला ठेवून भिंत करत असाल तर ओल जमिनीतून वर चढते, साधारण मीटरभर उंचीपर्यंत पोपडे आणि पांढरे क्षार, त्याच्या वर भिंत बरी.

हे सगळं त्या करड्या नकाशात हाताने रंगवायचं. नकाशाच्या फाइलमध्ये ५० टक्के करड्या रंगाने भरलेला नवा लेयर घ्या, मोड लिनियर लाइट, ओपॅसिटी ५० च्या आसपास, आणि मोठ्या मऊ ब्रशने जिथे झीज हवी तिथे गडद, जिथे नको तिथे फिकट रंगवत जा. करडा ५० टक्के त्या मोडमध्ये काहीच करत नाही, म्हणून जिथे ब्रश लागला नाही तिथे नुसती नॉइज राहते. ओव्हरलेमध्ये पण हे होतं पण खाली फार काळं किंवा फार पांढरं असेल तिथे ओव्हरले हलत नाही, लिनियर लाइट ढकलतो. ह्या लेयरवर वेळ घालवा. बसून विचार करा की ह्या दाराला कोण हात लावतं, पाऊस कुठल्या दिशेने येतो, सायकल कुठे टेकवतात, कुत्रं कुठे नख मारतं. अर्धा तास ह्याच्यात गेला तरी चालेल, कारण पुढच्या सगळ्या मास्कना हाच पाया आहे आणि तो बरोबर असला की खालची नॉइज साधी असली तरी खपते.

नॉइजची दिशा हा दुसरा विषय, आणि लाकडाच्या बाबतीत तर फारच महत्त्वाचा. लाकडावरचा रंग रेषांच्या दिशेने फाटतो. क्लाउड्सचे ढग गोल असतात, ते तसेच ठेवले तर लाकडावर पत्र्याचा रंग उडाल्यासारखा दिसतो. फ्री ट्रान्सफॉर्म घेऊन नॉइज उभ्या दिशेत चारपाच पट ताणा. पण थांबा, दारात उभ्या पट्ट्या पण असतात आणि आडव्या पण, आणि आडव्या पट्टीत लाकडाच्या रेषा आडव्या धावतात. म्हणजे आडव्या पट्ट्यांसाठी तीच नॉइज ९० अंश फिरवून वेगळी, जोडाच्या रेषेवर बरोबर कापलेली. जोडावर रंगाला बारीक तडाही जवळजवळ नेहमी असतो, कारण दोन लाकडं वेगवेगळ्या दिशेने हलतात. सुतारकाम माहीत असलेला माणूस चित्र बघतो तेव्हा नेमकं हेच आधी बघतो.

क्लाउड्स फिल्टरबद्दल जाता जाता: फाइल मोठी केली तरी ढग मोठे होत नाहीत, त्यांचा आकार पिक्सेलमध्येच ठरलेला असतो. त्यामुळे ए फोर ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेलला, सगळं बारीक बारीक ठिपक्यांचं दिसतं आणि लोक म्हणतात पोस्टरवर इफेक्ट येत नाही. लहान फाइलमध्ये मारून मोठं करा, आणि मोठे ढग, मधले ढग, बारीक दाणे असे तीन मापांचे लेयर एकत्र करा.

आता कडांच्या तक्रारी. दोन टोकं असतात. एक म्हणजे कडा पायऱ्या पायऱ्यांच्या, कात्रीने कातरल्यासारख्या. हे थ्रेशोल्ड वापरल्यामुळे होतं, थ्रेशोल्डमध्ये फक्त काळं आणि पांढरं, मधला एकही करडा राहत नाही. म्हणून वर मी लेव्हल्स सांगितलं आणि दोन स्लायडरमध्ये वीसेक आकड्यांचं अंतर ठेवलं. थ्रेशोल्डच मारून झाला असेल तर मास्कवर अर्ध्या पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या, बरंच सावरतं. दुसरं टोक म्हणजे कडा इतक्या मऊ की रंग धुक्यासारखा विरत जातो. पोपडा असा विरत नाही, रंग एकतर आहे किंवा नाही. हाताने घासलेल्या जागी मात्र तो खरंच पातळ होत जातो. म्हणून दोन प्रकार वेगळे करा, पोपड्यांना स्लायडर जवळ जवळ, घासलेल्या भागाला दूर दूर. एकाच मास्कमध्ये जमत नसेल तर लेयर ग्रुपमध्ये टाकून ग्रुपला दुसरा मास्क द्या, लेयरचा मास्क पोपड्यांचा आणि ग्रुपचा घासण्याचा.

कडांना विचित्र टप्पे टप्पे येत असतील, म्हणजे झूम केल्यावर वळणावर पट्टे दिसत असतील, तर फाइल ८ बिट आहे. करड्या रंगाच्या २५६ पायऱ्यांतल्या वीसच पायऱ्या तुम्ही लेव्हल्सने ताणून पूर्ण काळ्यापांढऱ्यापर्यंत नेताय, फट पडणारच. नकाशाची फाइल आणि दाराची फाइल, दोन्ही सुरुवातीपासून १६ बिट ठेवा. गिंपमध्ये इमेज मेनूत प्रिसिजन म्हणून आहे.

कडेला जाडी नाही ही पुढची तक्रार, आणि इथे सगळे बेव्हल अँड एम्बॉस ह्या कडेला उठाव देणाऱ्या लेयर इफेक्टकडे धावतात आणि साइझ पाचसात पिक्सेल ठेवतात, मग रंग प्लास्टिकच्या जाड शीटसारखा दिसतो. थोडा हिशोब करू. ऑइल पेंटचा एक सुकलेला हात साधारण ३० मायक्रॉन जाड असतो. पाच हात धरले तर १५० मायक्रॉन, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. ३०० पीपीआयला एक पिक्सेल म्हणजे २५.४ भागिले ३००, जवळपास ०.०८५ मिलिमीटर. म्हणजे दाराचा तुकडा अगदी खऱ्या मापात दाखवला तरी रंगाची जाडी दोन पिक्सेलच्या आत बसते. आणि तुम्ही तर अख्खं दार ए फोरवर दाखवताय, तिथे जाडी एका पिक्सेलच्याही खाली जाते. त्यामुळे बेव्हल ठेवायचाच तर साइझ १, फार तर २, सॉफ्टन शून्य, हायलाइट आणि शॅडो दोन्हींची ओपॅसिटी कमी. पूर्ण दारासाठी मी तर म्हणेन बेव्हल काढाच, एक पिक्सेलची ड्रॉप शॅडो पुरते.

अपवाद आहे, आणि तो सुंदर दिसतो. सुटलेला पोपडा वर वळतो, तो दोनचार मिलिमीटर सहज उचललेला असतो, आणि त्याची सावली त्याच्या जाडीपेक्षा कितीतरी लांब पडते. अशा पाचसहा खपल्या निवडा, सगळ्या नकोत, त्यांच्या उचललेल्या कडेखाली वेगळ्या लेयरवर हाताने सावली रंगवा, मुळाशी गडद आणि टोकाला मऊ. वळलेल्या कडेवर उजेडाची एक बारीक रेघ. ह्या मोजक्या सावल्यांमुळे बाकीच्या शेकडो टवक्यांनाही जाडी असल्याचा भास होतो.

उजेडाची दिशा तपासा. रंग वर आहे आणि लाकूड खाली, म्हणजे प्रत्येक टवका हा खळगा आहे. उजेड वरून येत असेल तर खळग्याच्या वरच्या कडेला सावली आणि खालच्या कडेला उजेड यायला हवा. उलटं झालं की खळगा फुगवटा दिसतो, निळ्या दारावर लाकडाचे थेंब चिकटवल्यासारखे. हे झालं असेल तर बहुतेक बेव्हल चुकून लाकडाच्या लेयरला लागलाय, किंवा एका लेयरला ग्लोबल लाइट (सगळ्या इफेक्टना उजेडाची एकच दिशा) चालू आणि दुसऱ्याला बंद आहे, किंवा लाकडाच्या फोटोत उजेड मुळातच डावीकडून आहे आणि तुमचा उजवीकडून. फोटोला कोन जुळवा, कारण फोटोतला उजेड तुम्ही बदलू शकत नाही.

बेव्हल दिला पण टवक्यांच्या कडेला येतच नाही, फक्त दाराच्या बाहेरच्या कडेला येतो, असंही होतं. लेयर स्टाइलच्या ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये लेयर मास्क हाइड्स इफेक्ट्स अशी खूण असते, ती लागलेली असेल तर मास्क इफेक्टला आकार न देता फक्त झाकतो. खूण काढा, कडा लगेच दिसतात. निळा रंग आणि त्यावरची अक्षरं एकाच ग्रुपमध्ये असतील तर स्टाइल ग्रुपलाच द्या, फोटोशॉप सीएस सिक्सपासून ग्रुपला स्टाइल देता येते.

ब्लेंड इफ, म्हणजे उजेडाप्रमाणे लेयर लपवणारे फोटोशॉपच्या ब्लेंडिंग ऑप्शन्समधले स्लायडर, वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. अंडरलाइंग लेयरचा स्लायडर ऑल्ट दाबून फोडायचा आणि सरकवायचा म्हणजे खालच्या लाकडाच्या उजेडाप्रमाणे रंग निघतो, युक्ती छानच आहे, पण बरेच जण काळा स्लायडर उजवीकडे नेतात, म्हणजे लाकडाच्या गडद खाचांमधून रंग काढतात. आता प्रत्यक्ष दार आठवा, हाताने किंवा फडक्याने घासलं जातं तेव्हा उंचवट्यावरचा रंग जातो आणि खाचेत तो अडकून राहतो. फोटोत खाचा गडद आणि उंचवटे उजळ असतात, म्हणून घासलेल्या झिजेसाठी पांढरा स्लायडर डावीकडे आणायचा. ऊनपावसाने तडे गेलेल्या रंगासाठी मात्र काळा उजवीकडे बरोबर, कारण तिथे फट आधी उघडते. दोन्ही हवे असतील तर निळ्याचे दोन लेयर करून वेगवेगळ्या भागाला मास्क करा. गिंपमध्ये ब्लेंड इफसारखे स्लायडर नाहीत, तिथे लाकडाच्या फोटोची ग्रेस्केल प्रत निळ्याच्या मास्कमध्ये टाकून, गरज असेल तर इन्व्हर्ट करून, लेव्हल्सने तेच साधतं.

उरलेला रंग नव्यासारखा चकचकीत राहिला तरी खोटं दिसतं, टवके कितीही चांगले असोत. उन्हाने रंगातला बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा भाग, कुजतो आणि पृष्ठभागावर पिगमेंटची पूड येते, जुन्या दाराला हात लावला की तळहाताला रंग लागतो तो हाच. चित्रात ह्याचा अर्थ सॅच्युरेशन कमी आणि उजेड किंचित जास्त, काळपटपणा नाही. इथेच मल्टिप्लायवाले फसतात, जुनं म्हणजे काळं असं धरून चालतात. ह्यू सॅच्युरेशनचा ॲडजस्टमेंट लेयर निळ्याला क्लिप करा, म्हणजे तो फक्त निळ्यावरच चालेल, सॅच्युरेशन २० ते ३० ने खाली, लाइटनेस ५ ते ८ ने वर, आणि त्याच्या मास्कमध्ये जिथे ऊन लागत नाही तिथे काळं करा, सज्जाच्या सावलीत, कडीच्या पट्टीखाली, आणि पूर्वी कुणीतरी लावलेलं स्टिकर किंवा नावाची पाटी काढल्यावर राहिलेल्या चौकोनात. तो चौकोनी न विटलेला तुकडा जरूर ठेवा, फार बोलका असतो.

पत्र्याचं गणित वेगळं. लाकडाच्या रेषा नाहीत, ताणलेली नॉइज नको. टवके आपटून पडलेले, छोटे, तीक्ष्ण कडांचे. खाली प्रायमर म्हणून रेड ऑक्साइडचा विटकरी थर घाला, तो दिसला की लोखंड आहे हे लगेच कळतं. गंज स्क्रूच्या भोकापासून, पत्र्याच्या घडीपासून, कापलेल्या कडेपासून सुरू होतो, मोकळ्या मैदानात मधोमध क्वचितच. एकच तपकिरी रंग वापरू नका, ताजा गंज नारिंगी आणि जुना जवळपास काळा, मध्यभागी जुना आणि कडेला ताजा. आणि गंजाचे ओघळ: डाग रंगवून मोशन ब्लर ९० अंशात मारला की ओघळ खालीही जातात आणि वरही, कारण मोशन ब्लर दोन्ही बाजूंना पसरतो. वरचा अर्धा भाग मास्कने काढून टाका किंवा ब्लर झालेला लेयर तेवढाच खाली सरकवा. ओघळांना मल्टिप्लाय योग्य आहे, कारण तो खरंच रंगावर पडलेला डाग आहे. सगळे ओघळ एकाच लांबीचे ठेवू नका.

तोच तोच टवका दिसतोय ही तक्रार ब्रश वापरणाऱ्यांची. एखादा ठळक आकाराचा टवका दोनदा आला की डोळा पकडतोच, पुढे नजर दुसरीकडे जातच नाही. ब्रशमध्ये अँगल जिटर आणि साइझ जिटर चालू करा, म्हणजे प्रत्येक ठशाचा कोन आणि माप आपोआप बदलेल, आणि ठळक आकार ब्रशमधून काढूनच टाका, ते हाताने एकेकदाच रंगवा. मास्क खुशाल फिरवा, आरशातल्यासारखा पलटवा, त्यात उजेड नसतो. फोटो मात्र फिरवू नका, त्यातल्या सावल्या पण फिरतात आणि मग वर सांगितलेला खळगा फुगवट्याचा घोळ परत येतो.

फोटो स्वतः काढलेले सगळ्यात उत्तम. गावातल्या जुन्या वाड्याचं दार, एसटी स्टँडवरचा बाक, बंदरावर ओढून ठेवलेली होडी, मालकाला विचारून काढा, नाही कुणी म्हणत नाही बहुतेक. ढगाळ हवा हवी, फ्लॅश नको, कॅमेरा दाराला समांतर. पावसाळ्यातला उजेड ह्या कामाला झकास असतो पण ओलं लाकूड काळं पडतं आणि चमकतं, म्हणून उघडीप मिळाली की सुकेपर्यंत थांबा. फोटो व्हॉट्सॲपवरून घ्यायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो, जेपीईजीचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन साध्या डोळ्याला दिसत नाहीत, पण तो फोटो मास्कमध्ये टाकून लेव्हल्स ताणल्या की सगळ्या टवक्यांच्या कडा चौकोनी होतात. कडा चौकोनी दिसत असतील तर दुसरं कारण शोधूच नका.

अक्षरांचं बोलायलाच हवं, कारण आपली बरीचशी कामं पोस्टर, पाट्या आणि कव्हरची असतात आणि त्यात देवनागरी असते. अक्षरं दारावर तरंगताना दिसत असतील तर त्यांना निळ्याचाच मास्क लागलेला नाही. अक्षरांचा लेयर निळ्याच्या ग्रुपमध्ये टाका आणि मास्क ग्रुपला द्या, म्हणजे निळ्याचा पोपडा पडला की त्यावरचा अक्षराचा तुकडाही जातो. वर अक्षरांना स्वतःचा थोडा जास्त झिजलेला मास्क द्या, कारण पाटीवरची अक्षरं सगळ्यात शेवटी आणि बहुतेक एकाच हातात रंगवलेली असतात. टेक्स्ट स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये (मूळ मजकूर जसाच्या तसा आत जपणाऱ्या लेयरमध्ये) ठेवलं तर मजकूर नंतर बदलता येतो. पण देवनागरीत एक धोका आहे, तयार मास्क अनुस्वार, रफार, उकाराची शेपटी असे छोटे भाग पूर्ण गिळतो आणि शब्दच बदलतो किंवा वाचता येत नाही. शिरोरेषा दोनतीन ठिकाणी तुटली तर छान दिसते, पण तिचा सलग लांब तुकडाच उडाला तर अक्षरं सुटी पडतात. त्या करड्या नकाशात अशा जागी मऊ ब्रशने फिकट रंगवून त्यांना वाचवा, मास्कवर थेट पांढरा ब्रश फिरवू नका, तिथे गुळगुळीत गोल बेट उरतं आणि लगेच कळतं. जोडाक्षरंच तुटून येत असतील तर तो झिजेचा विषय नाही, जुन्या फोटोशॉपमध्ये टाइप प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड रेडी लेआउट निवडा.

अक्षरं लाकडाच्या रेषांवर बसावीत म्हणून डिस्प्लेस फिल्टर (एका करड्या चित्राप्रमाणे पिक्सेल सरकवणारा) मारला आणि अक्षरांच्या चिंध्या झाल्या, हेही सारखं होतं. लाकडाच्या फोटोची ग्रेस्केल प्रत पीएसडी म्हणून सेव्ह करताना तिला आधी दीडदोन पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या आणि स्केल ३ ते ५ एवढंच ठेवा. सगळी अक्षरं एका बाजूला सरकत असतील तर नकाशाचा सरासरी करडा १२८ पासून लांब आहे, १२८ म्हणजे हलवू नका, लेव्हल्सने मधोमध आणा.

शेवटी छपाई. स्क्रीनवर १०० टक्क्यांना झक्क दिसलेले एक पिक्सेलचे टवके कागदावर शाई पसरून बुजतात, आणि हलक्या सावल्या गडद होतात. छपाईच्या फाइलमध्ये सगळ्यात बारीक नॉइज कमी करा आणि सावल्यांची ओपॅसिटी थोडी उतरवा. फ्लेक्स असेल तर लोक तो रस्त्याच्या पलीकडून बघणार, तिथे बारीक झीज दिसतच नाही, नुसता मळकट रंग दिसतो, म्हणून फ्लेक्ससाठी नकाशातले मोठे ढग वाढवा, बारीक लेयर बंदच करा, आणि स्क्रीनवर फाइल दहापंधरा टक्क्यांना झूम आउट करून बघा. तेवढ्या मापाला झीज झीज वाटली तरच पुढे पाठवा. पाठवायच्या प्रतीत लेयर फ्लॅटन करा, म्हणजे सगळे मिळून एक करा, मास्कवाली मूळ पीएसडी वेगळ्या नावाने ठेवा, ग्राहक दोन दिवसांनी निळ्याच्या जागी पिवळं दार मागतोच.